बाबांची विसरलेली बाटली

आयर्लंडमधल्या शॅननमध्ये भाड्याचं घर मिळवणं आणि ते टिकवणं, दोन्ही करताना माणूस अगदी मेटाकुटीला येतो! सुचित्राच्या घरमालकाने घर विकायला काढलं होतं. ऑगस्टअखेर बाहेर पडायचं होतं आणि विकत घ्यायला जावं तर दर वेळी दुसऱ्या कुणाची तरी बोली वरचढ ठरत होती. घरात दुसरा विषयच उरला नव्हता. शेवटी तिचा नवरा शिरीष म्हणाला, “चला, आज बरनला सूर्यास्त बघू. आत्यांनी इथलं विमानतळ सोडून काय पाहिलंय?”

उर्मिलाआत्या म्हणजे सुचित्राच्या दिवंगत बाबांची धाकटी बहीण, नाशिकहून दोन महिन्यांसाठी आलेली.

बरन म्हणजे दगडांचं वाळवंटच. कड्यावरून करड्या फरश्या खाली घळीत उतरत जातात आणि पलीकडे समुद्र दिसतो. मावळतीच्या उन्हात ते सगळं केशरी झालं, तसा सुचित्राला लहानपणीचा, नाशिकजवळचा देवीचा गड आठवला. दर्शन झालं की बाबा तिला कड्यावर नेत. दगडावर दगड रचायचा आणि देवीकडे घर मागायचं. आणि एका वर्षी खरंच ते चाळीतून स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेले होते!

तिने भराभर दगड उचलून मजले चढवले. “शिरीष, फोटो काढ ना! यंदा घर होणारच बघ.”

“ग्रँड!” इथल्या लोकांसारखं म्हणत शिरीषने फोन काढला.

आत्या मात्र वाकून खाली बघत होत्या. दगड उचललेल्या जागी एक चिमुकलं निळं फूल मुळासकट उपटलं होतं. मुंग्या तोंडात अंडी धरून सैरावैरा धावत होत्या.

“सुची, ठेव ते दगड जागच्या जागी.”

“अगं, बाबांनीच तर शिकवलं हे!”

“रचायला शिकवलं. पुढचं तुला कळू दिलं नाही. गड उतरताना दादा दर वेळी पाण्याची बाटली विसरायचा, आठवतं?”

“हो! आई किती चिडायची. आम्ही पायरीवर बसून वाट बघायचो.”

“तो परत जाऊन दगड होते तिथे ठेवायचा. मला म्हणाला होता, ‘पोरीचं मन मोडवत नाही. पण आपलं घर मागायला दुसऱ्याच्या घराचं छप्पर कशाला काढायचं?’”

सुचित्राचा चेहरा उतरला. “आधीच घर मिळत नाहीये, आत्या. त्यात हे मोडलं तर…”

“त्याने दर वेळी मोडलं. तरी झालंच ना तुमचं घर? जादा पाळ्या करून केलं त्याने!”

तिने रचलेले दगड तसेच राहू दिले. सगळे गाडीकडे निघाले. धापा टाकत, हसत परतणारे बाबा तिला दिसत होते. त्यांच्या बोटांना माती का असायची, हे तिला आज कळलं आणि डोळे भरून आले. घर सोडायची नोटीस आली तो दिवसही आठवला. तेच तर आज तिने त्या मुंग्यांचं केलं होतं!

गाडीपाशी ती थांबली. “शिरीष, आलेच हं. बाटली विसरले.”

“अगं, बाटली तर तुझ्या हातात—”

आत्यांनी त्याचा दंड दाबला.

मंडळी, आपणही गडांवर जातो, परदेशी फिरतो. नवस जरूर बोलावा, फोटोही काढावा. पण जो दगड आपल्याला नुसता दगड वाटतो, त्याखाली कुणाचा तरी संसार असतो. तो जागच्या जागी राहू द्यावा.

सुचित्रा परतली तेव्हा सूर्य बुडाला होता.

“सापडली?” आत्यांनी विचारलं.

“सापडली,” ती म्हणाली आणि गाडीत बसून मातीने भरलेले हात तिने तसेच मांडीवर ठेवले.