छातीला सहा फूट

“किती लांबून काढणार फोटो?” लेन्सवाल्यानं विचारलं.

“छातीचा असेल तर सहा फूट. हातापायाचा असेल तर चाळीस इंच.”

तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. मग माझ्या लक्षात आलं. बत्तीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढले, निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी अंतर म्हटलं की तोंडातून हेच बाहेर पडतं. जित्याची खोड, दुसरं काय!

“माणसाचा काढायचाय,” मी म्हणालो. “बाहेरून.”

कॅमेरा माझ्या भाचीनं दिला होता, शिकाऊ माणसाचा, सोबतच्या झूम लेन्ससकट. “मामा, आई माझ्याकडे आली की तुझा वेळ जाणार नाही. घे हा.” म्हणजे माझी बहीण न्यायची आणि हातात खेळणं द्यायचं. कॅमेरा ठेवून घेतला. ताईचे गुडघे गेलेत, आमचे तीन जिने तिला चढवत नाहीत, मुलीकडे लिफ्ट आहे, सगळं खरं. ती शुक्रवारी जाणार होती, कायमची. मला त्याआधी तिच्या चेहऱ्याचा एक नीट फोटो हवा होता. पण आमच्या खोलीत उजेड जेमतेम, आणि त्या झूममधून ताई दर वेळी हललेली यायची, ते फोटो पुसूनच टाकावे लागायचे.

लेन्सवाल्यानं नमनाला घडाभर तेल घातलं, पण मुद्दा कळला. एकाच मापाची, झूम नसलेली लेन्स घ्यायची. ती अंधाऱ्या खोलीतही उजेड भरपूर घेते, फक्त मागेपुढे होत नाही.

“जवळ जायचं तर आपल्या पायांनी जायचं, काका. पन्नास मिलिमीटरची घेतलीत तर चेहरा छान येईल. पस्तीसची घेतलीत तर माणसाबरोबर मागची खोलीही येईल.”

“पन्नास द्या,” मी म्हणालो. खोलीचं काय करायचंय? खोली कुठे चालली होती?

घरी ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. लेन्सची किंमत ऐकून म्हणाली, “बाई गं! नाकापेक्षा मोती जड.” नवरा गेल्यावर चार वर्षांची पोर कडेवर घेऊन ती माझ्याकडे आली, ती चार दिवसांसाठी. त्याला तेहतीस वर्षं झाली. माझं लग्न राहून गेलं. कुणी अडवलं नव्हतं, राहूनच गेलं. पण घरी आलं की दिवा लागलेला असायचा, त्यामुळे मला काही कमी आहे असं कधी वाटलं नाही.

तिला खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं. सहा फूट मोजले.

“हलू नकोस. श्वास घे. रोखून धर.”

आणि एक्स-रे काढतानाच्या सवयीनं मी दाराआड गेलो. कॅमेरा माझ्या हातातच!

“अरे, फोटो माझा काढतोयस का दाराचा?” ताई आतून ओरडली आणि खो खो हसत सुटली. किती दिवसांनी हसली असेल! आणि मी दाराआड. घाईघाईनं आत येऊन बटण दाबलं, तोवर ती शहाण्यासारखी गाल फुगवून, श्वास रोखून बसली होती.

फोटो तिनं चष्मा लावून पाहिला. “ही कोण रे, दात काढून आल्यासारखी गाल सुजलेली? पुसून टाक आधी. आणि घर कुठंय यात?”

“घराचा नाही, तुझा काढलाय.”

“माझा मला कशाला? हे तोंड मी बरोबर घेऊनच चाललेय. जे नेता येत नाही त्याचा काढ की!”

पुसून टाकला. राग आला मला, खोटं कशाला बोलू? चहासुद्धा घेतला नाही त्या संध्याकाळी. मला ती हवी होती आणि तिला घर हवं होतं, आणि हे दोन्ही एका लेन्समध्ये मावत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात. “तरी सांगत होतो, काका,” म्हणत त्यानं पन्नासची परत घेऊन पस्तीसची दिली. तो गुरुवार होता.

मी भिंतीला पाठ टेकवून उभा राहिलो. खिडकी आली, तिच्याखालचं टेबल आलं, भाचीची उंची पेन्सिलीनं मांडलेलं कपाट आलं. पण ताई मध्ये बसली की ते कपाट झाकलं जायचं.

“थांब, मीच उठते,” म्हणत ती गुडघे धरून उठली. “हं, आता काढ.”

काढला. तिनं बघितला आणि नाक मुरडलं. “भाड्यानं द्यायची खोली वाटतेय. कुणी राहतच नाही जसं. तू बस तिकडे, कडेला.”

“मी?”

“मग काय शेजाऱ्याला बोलावू?”

मी बसलो. तिला बटण दाखवलं. ती मागे मागे सरकत भिंतीला टेकली, एक डोळा मिटला, जीभ दातात धरली. “मावलास,” म्हणाली आणि बटण दाबलं.

तेव्हाच म्हणायला हवं होतं, ताई, आता तू बस. एवढंच. पण बोललो असतो तर रडलो असतो, आणि साठीला आलेल्या माणसाला बहिणीसमोर रडायची लाज वाटली. मग तिनं घराचे आणखी कोपरे काढायला लावले, मग बॅगा, औषधं, किल्ल्या. शुक्रवारी सकाळी भाची गाडी घेऊन आली. ताई एकेक पायरी बसत बसत उतरली. कॅमेऱ्यात घराचे सतरा फोटो आहेत. ताईचा एकही नाही.

पंधरा दिवसांनी भाचीचा फोन आला.

“मामा, आईनं तू पाठवलेला तो तुझा फोटो मोठा करून पलंगासमोर लावून घेतलाय. येईल त्याला दाखवते.”

“काय म्हणते?”

“म्हणते, हे माझं घर. तिथं सगळं जागच्या जागी आहे. भाऊ असतो ना तिथं.”

मी बरं म्हणून फोन ठेवला. आदल्याच दिवशी मी ते टेबल खिडकीखालून काढून दाराजवळ सारलं होतं, एकट्याला एवढी जागा कशाला अडवायची म्हणून. ते पुन्हा खिडकीखाली न्यायला घेतलं. जड होतं. एक बाजू थोडी ओढायची, मग वळसा घालून दुसरीकडे जायचं आणि ती ओढायची, असं करत करत नेलं.