शब्दाला शब्द

चर्चची मंडळी दर दुसऱ्या रविवारी मिस्सा आटोपला की वस्तीत यायची. वस्ती अंबरनाथ पूर्वेला, कारखान्यांच्या नाल्याला लागून. पुढे लोबोबाई, मागे दुधाच्या पावडरीची नि गव्हाची पिशवी उचललेले पिंटोसाहेब, आणि दोघांच्या मध्ये जनाबाई पंडित. लोबोबाईंना मराठी येत नव्हतं. बाजारात भाव पाडण्यापुरती हिंदी यायची, पण गरिबांशी बोलायला तेवढी पुरत नव्हती. जनाबाईने बारा वर्षं एका गोवेकर डॉक्टरकडे स्वयंपाक केला होता, त्यामुळे तिला इंग्रजी चांगलं कळायचं आणि कामापुरतं बोलताही यायचं. म्हणून फादरनी तिला या कामाला लावलं होतं.

काम सोपं होतं. लोबोबाईंनी बोलायचं आणि जनाबाईने ते साखरेत घोळून पुढे करायचं. बाईंचे प्रश्न ठरलेले. नवरा पितो का, मारतो का, मिस्साला का येत नाही, इतकी मुलं कशाला. जनाबाई म्हणायची, "बाई विचारतात, घरचे सगळे बरे ना?" उत्तर येई, "हिच्या बापाचं काय जातंय?" जनाबाई बाईंना सांगे, "देवाच्या दयेने बरं आहे म्हणते." दोन्हीकडे समाधान. बाई वहीत काहीबाही लिहीत आणि रुमालाने नाक पुसत पुढल्या दाराशी जात. वस्तीतल्या वासाची त्यांना इतकी सवय झाली होती की रुमाल आता आपोआप वर जायचा.

सत्त्याऐंशी सालचा नाताळ जवळ आला होता. त्या रविवारी मंडळी दार ढकलून इंदुबाई साळवेच्या खोलीत शिरली. इंदू नगरकडची, जनाबाईच्याच मुलखातली, नात्यात नसली तरी तिला मावशी म्हणायची. तिचा नवरा धर्मराज रंगाच्या कारखान्यात होता. तिथल्या रसायनाने त्याच्या हाताची साल सोलून निघाली, तेव्हा कारखान्याने त्याला घरी बसवलं. आता तो खाटेवर हात उताणे ठेवून बसायचा. इंदू चार घरची धुणीभांडी करायची, रविवारीसुद्धा. तिचा मिस्सा का चुकत होता ते त्यावरून कोणालाही कळलं असतं, वहीवाल्यांना सोडून.

खोली एवढीशी, पण समोरच्या फळीवर स्टीलची भांडी अशी घासून लावलेली की त्यांत तोंड दिसावं. इंदूच्या आईने लग्नात दिलेली. लोबोबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"बघितलंत पिंटो?" त्या इंग्रजीत म्हणाल्या. "इतकं स्टील माझ्याकडेही नाही. यांना मदत म्हणजे नुसती सवय लावणं. जनाबाई, हिला सांग, आधी ही भांडी वीक, मग आमच्याकडे हात पसर."

पिंटोसाहेब आपल्या बुटांकडे बघू लागले. ते नेहमीच तिकडे बघत. त्यांचे बूट वस्तीतले सगळ्यांत जास्त पाहिले गेलेले बूट असतील.

जनाबाईच्या तोंडात नेहमीचं गोड वाक्य तयार होतं. घर किती छान ठेवलंय म्हणतात. पण ते बाहेर येईना. धर्मराजने इंग्रजी न कळताच हात चादरीखाली घेतले होते, ते तिने बघितलं होतं.

"इंदू," ती म्हणाली, "बाई म्हणतात, ही भांडी आधी वीक आणि मग आमच्यापुढे हात पसर. तुम्हाला मदत केली तर सवय लागेल म्हणतात."

इंदू उठली नाही की ओरडली नाही. "असं म्हणाल्या?"

"असंच."

"मग त्यांना सांग. गळ्यातली चेन आधी त्यांनी विकावी, मग मला शिकवावं. आणि हेही सांग, मी हात पसरला नव्हता, त्याच दार ढकलून आत आल्या."

जनाबाईने ते इंग्रजीत सांगितलं. शब्दाला शब्द, चेनसकट. लोबोबाईंचा हात गळ्याशी गेला. पिशवी पिंटोसाहेबांच्या हातात तशीच राहिली आणि ती तशीच परत गेली.

मंगळवारी फादरनी जनाबाईला बोलावलं. तरुण माणूस होता, वाईट नव्हता. "जनाबाई, तुम्ही चुकीचं भाषांतर केलंत अशी तक्रार आहे."

"नाही फादर. दोन वर्षं चुकीचं करत होते. रविवारी पहिल्यांदा बरोबर केलं."

फादरनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले की तिने आता थोडी विश्रांती घ्यावी. मोठ्या माणसांकडे घालवून द्यायचे किती सभ्य शब्द असतात, असं मनात म्हणत जनाबाई पायऱ्या उतरली.

फादरांशी झालेलं सगळं सांगितल्यावर इंदू तरी पाठीवर हात ठेवील, असं तिला वाटलं होतं. इंदूने दारातच उभं केलं. "मावशी, तुझं खरं बोलणं माझ्या चुलीवर शिजतं का? पोरी दुधाला रडतात. दोन वर्षं खोटं बोलत होतीस ना? अजून चार महिने बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?"

बाईंना हसता हसता आपणही त्यांच्याच पंगतीला बसलो होतो, हे जनाबाईला त्या दारात कळलं. आपलं मन हलकं करायला आपण दुसरीच्या घरची पिशवी खर्ची घातली.

दुसऱ्याच दिवशी ती उल्हासनगरला गेली, पाच नंबर कॅम्पात. तिथे गल्लोगल्ली सिंधी शेठांचे जीन्स शिवायचे कारखाने. इंदूसाठी काम विचारत ती दार न् दार फिरली. सातव्या ठिकाणी एका म्हाताऱ्या शेठने मान वर केली. "धागा कटिंग का काम है. सफाई चाहिए, बाई."

"त्या बाईची भांडी बघायला या शेठ," जनाबाई म्हणाली, "म्हणजे सफाई कळेल."

शेठ हसला. इंदू सोमवारी कामावर लागली. उन्हाळ्यापर्यंत मशीनवर बसली. जनाबाई तिच्या पोरी सांभाळायची. इंदूने तिला माफ केलं की नाही, ते दोघींनी कधी बोलून दाखवलं नाही.

पुढल्या नाताळात चर्चच्या हॉलमध्ये मंडळाचा अहवाल वाचला गेला. जनाबाई मागच्या बाकावर होती. लोबोबाईंनी नवी साडी नेसून इंग्रजीत वाचलं की आमच्या नियमित भेटींमुळे आणि वेळीच केलेल्या कानउघाडणीमुळे साळवे कुटुंब यंदा स्वतःच्या पायावर उभं राहिलं. टाळ्या पडल्या. पिंटोसाहेबांनीही वाजवल्या, जरा उशिरा.

जनाबाई तडक इंदूकडे गेली. इंदू कामावरून येऊन भाकऱ्या थापत होती. जनाबाईने रागाने सगळं सांगितलं. इंदूने तव्यावरची भाकरी उलटली.

"म्हणू दे गं," ती म्हणाली. "उद्या खिशांचं काम आलंय, मला लवकर निघायचंय. पोरींना तू सकाळी सहालाच घेऊन जा."