देव उजव्या हाताला

गाडीचा पुढचा डावा टायर कायम आधी झिजतो. तानाजी तो बदलतो आणि दर वेळी टायर विकणाऱ्याच्या नावानं बोटं मोडतो.

*

शालूबाई वडूजच्या बाजारचौकात रोज गाडी बंद पाडते. मागून हॉर्न वाजतात. ती हसते, चावी फिरवते, पुन्हा बंद पाडते. वय बावन्न.

*

कडेगावात, साईराजच्या घरी, फोन वाजला की सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. ऊसतोडीची पाळी कवा येईल त्याचा नेम नाही.

*

हरणाबाई सकाळी उठून माळावरच्या घुमटीत पाणी घालते. घुमटी रचलेल्या दगडांची, कमरेएवढी, पिवळ्या रंगानं सारवलेली. आत बिरोबाचा टाक, तळहाताएवढ्या चांदीच्या पत्र्यावर उठवलेला देव. मग ती मेंढरांकडं जाते.

*

एकतीस सेकंद. एकतीस. तीस.
अडतीस. अडतीस. एक्केचाळीस.

*

एक कागद. त्यावर वेड्यावाकड्या पेरूसारखा आकार, आणि आकाराला चिकटून छोटे छोटे बाण.

*

हे सगळं एका गाडीभोवती जमलं होतं.

गाडी साईराजची, जुनी एस्टीम. मागची सीट काढून टाकलेली, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा, दारावर हातानं रंगवलेला ७४. मातीच्या मैदानावर चार-पाच गाड्या एकदम सोडायच्या, ठरलेले फेरे मारायचे, पहिला येईल तो पहिला, याला रॅलीक्रॉस म्हणतात. वळणावर गाडी आडवी सरकवावी लागते आणि पुढच्याच्या धुळीत नाक दिसत नसलं तरी डोकं थंड ठेवावं लागतं. साईराजला हे वेड कराडच्या कॉलेजात लागलं. तिथं त्याच्या वर्गात उत्कर्षा होती. तिला त्यानं ते लावलं आणि तिनं आपल्या चुलतभावाला, तानाजीला, ज्याचं वडूजच्या बाजारतळाशेजारी गॅरेज आहे. गाडी साईराजची, पान्हे तानाजीचे, आणि मैदान उत्कर्षाच्या आत्तीचं, म्हणजे हरणाबाईचं. तिघंही चालवायचे, पण खरी चालवायची ती उत्कर्षा. ती वडूजला मोटार ड्रायव्हिंग शाळेत शिकवते. शालूबाई तिचीच विद्यार्थिनी.

चार वर्षांपूर्वी तिघं माळ मागायला गेले, तेव्हा हरणाबाईनं एकच अट घातली होती. घुमटीभोवती फिरायचं तर सरळ फेरा. देव उजव्या हाताला. देवळाला घालतात तसा. तिघांनी हसत मान डोलावली. एवढ्यावर माळ मिळतोय तर कोण नको म्हणेल?

तेव्हापासून चार वर्षं, दर रविवारी, उजवीकडं वळणं आणि उजवीकडंच वळणं.

जानेवारीत खंडाळ्याजवळ निवडफेरी झाली. तिथलं मैदानही योगायोगानं त्याच बाजूनं फिरणारं निघालं. उत्कर्षा तिसरी आली, साईराज पाचवा. पहिल्या पाचांना राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं होतं, कोइमतूरच्या बाजूला, फेब्रुवारीच्या शेवटी. एकाच गाडीवर दोघांना नाव देता येत होतं. वडूजच्या चौकात उत्कर्षाचा फलक लागला: हेल्मेट काखेत, केस विस्कटलेले, खाली 'आपल्या मातीची लेक'. शालूबाईची गाडी बरोबर त्या फलकाखाली बंद पडते.

मग तिथल्या मैदानाचा नकाशा आला. साईराजनं लांबी बघितली. तानाजीनं माती कसली ते बघितलं. बाण बघितले ते उत्कर्षानं. तिला दिसले ते सगळे डावीकडं वळलेले.

ती कुणाला काही बोलली नाही. पहाटे तानाजीकडून टायर बघते म्हणून गाडी मागून घेतली, बाजारतळावर चार रिकामे डबे ठेवले आणि मोबाईलवर वेळ लावून फिरली. उजवीकडून एकतीस सेकंद. डावीकडून अडतीस. तिसऱ्यांदा तर गाडी गरकन फिरून तोंड आल्या वाटेला झालं. तेवढ्यात नगरपंचायतीचा माणूस काठी आपटत आला आणि तिला हाकलून गेला. तिनं डबे जागच्या जागी ठेवले, तानाजीला चावी दिली, टायर बरे आहेत म्हणाली.

*

ठरवायला तिघं कडेगावला बसले, साईराजच्या अंगणात, गाडीशेजारी. बोलणं सगळं बाकीच्या गोष्टींचं चाललं होतं. गाडी कशावर घालून न्यायची, किती दिवस लागतील, तानाजीचं गॅरेज कोण बघणार. साईराजची एकच अडचण होती, ऊस. कारखान्याची टोळी त्याच आठवड्यात आली तर घरचा एकुलता एक पोरगा कोइमतूरला धुळीत गाडी फिरवतोय, हे बरं दिसायचं नाही.

उत्कर्षा मनातून टोळीचीच वाट बघत होती. टोळी आली म्हणजे जायचं नाही. कुणी न जाण्याचं कारण विचारलं तर 'साईराजची तोड आली' एवढं सांगायचं. फलक महिनाभरानं आपोआप फाटतो.

आणि फोन वाजला. साईराज आत गेला, बाहेर आला, म्हणाला टोळी येतेय, चोवीस तारखेला. बरोबर स्पर्धेच्या आदल्या दिवशी. उत्कर्षाच्या खांद्यावरचं ओझं उतरलं आणि त्याच क्षणी तिला स्वतःची लाज वाटली, कारण साईराजचा चेहरा उतरलेला तिला समोर दिसत होता.

ओसरीवर साईराजचे वडील पेपर वाचत होते. लालासाहेब, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त. त्यांनी पेपर खाली न घेताच विचारलं, "सतरा वर्सं मी बॉर्डरवर हुतो, तवा ऊस कोण तोडून घेत हुतं?"

साईराजनं स्वयंपाकघराकडं बघितलं.

"तुजी आयच की. आता तर मीबी हाय. जावा तुमी."

झालं. एका वाक्यात कारण संपलं. तानाजीनं मांडीवर थाप मारली आणि दोघं उत्कर्षाकडं बघायला लागले, आता हिनं हो म्हटलं की नावं पाठवायची.

उत्कर्षा म्हणाली, "मला डावीकडं वळता येत न्हाई."

तानाजीला थट्टा वाटली. तिनं नकाशा पुढं ओढला आणि बाणांवरनं बोट फिरवत नेलं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. मग साईराजला म्हणाली, "तुलाबी येत न्हाई."

बाजारतळावरचे आकडे तिनं सांगितले. मग तानाजी उठला, गाडीपाशी गेला, पुढच्या डाव्या टायरसमोर उकिडवा बसला आणि त्याच्यावरनं हात फिरवला.

"म्हंजी हे हाय व्हय," तो म्हणाला. "सगळा भार ह्येच्यावर. आन् मी त्या टायरवाल्याला चार वर्सं शिव्या देतोय." मग मान वर करून म्हणाला, "गड्या, आपुन शर्यतीची तयारी करत नव्हतो रं. आपुन प्रदक्षिणा घालत हुतो."

लालासाहेबांचा पेपर हलायला लागला. ते हसत होते.

*

नावं कळवायला आठ दिवस हातात होते. साईराज म्हणाला, शेजाऱ्याचं तोडलेल्या उसाचं रान आहे, तिथं फिरवू. तानाजीनं त्याला वेड्यात काढलं. भिजल्या काळ्या रानात चाकं रुतून बसली असती. मग तानाजीनं सुचवलं, आत्ती शनिवारी बाजाराला जाते, दुपारभर माळावर कोण नसतं. उत्कर्षा नाही म्हणाली. चोरून फिरायचं नाही. एकदा तिला विचारायचं, नाही म्हणाली तर विषय बंद.

पुन्हा एकदा तिला वाटलं, नाही म्हणाली तर बरं.

हरणाबाई पालाच्या सावलीत बसून लोकर विंचरत होती. मेंढरं लांब ओढ्याच्या कडेनं विखुरलेली. उत्कर्षा तिच्यासमोर बसली, हातात लोकरीचा पुंजका घेऊन त्यातल्या काड्या काढायला लागली.

"आत्ती, गाडी उलट्या बाजूनं फिरवायची हाय. आठ दिस."

हरणाबाईचा हात थांबला नाही. "उलटा फेरा मयताचा असतोय."

"ठाव हाय."

"मग?"

"म्हणून तर इचारतीया."

हरणाबाईनं बराच वेळ लोकर विंचरली. मग तिनं विचारलं, तुमी जाणार तिथं मधी कोण हाय? कुठला देव? उत्कर्षा म्हणाली, कुणी नाही, नुसती माती आहे.

"देव नसला म्हंजी नुसतं फिरणं," हरणाबाई म्हणाली. "त्याला उलटं काय, सुलटं काय."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि चालायला लागली. उत्कर्षा मागं. घुमटीपाशी येऊन तिनं आधी हात जोडले, मग आत हात घालून टाक काढला, पदरानं पुसला आणि कनवटीच्या पिवळ्या फडक्यात गुंडाळला.

"ह्यो काय खिळ्यानं ठोकलाय? तुजा आजा कोकणात मेंढरं घिऊन जायाचा, तवा ह्यो घोड्यावरनं जायाचा. चिखलातनं, पावसातनं. आट दिस माज्यापाशी ऱ्हाईल."

उत्कर्षाच्या हातात लोकरीचा पुंजका तसाच होता. "चार वर्सं आमी..."

"चार वर्सं कुणी इचारलंच न्हाई," हरणाबाई म्हणाली.

*

पहिल्या दिवशी उत्कर्षानं तीनदा गाडी गिरकावली. माळाचा फेरा उजवीकडून ती बावन्न सेकंदांत मारायची. डावीकडून त्रेसष्ट. हात आपोआप उजवीकडं जायचे, आणि हातांना समजावून सांगेपर्यंत वळण संपलेलं असायचं. वळणात शिरताना ब्रेक कधी दाबायचा हे तिला अचानक कळेनासं झालं. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. चार वर्षं ती घुमटीच्या पिवळ्या रंगावर ब्रेक दाबत आली होती. उजव्या खिडकीत पिवळं दिसलं की दाब. आता त्या खिडकीत नुसता माळ होता, कुसळं आणि आभाळ, आणि घुमटी पलीकडच्या दाराआड गेली होती.

तिनं स्टिअरिंगवरचे आपले हात बघितले. आवळलेले, पांढरे पडलेले. असे हात ती रोज बघते, शेजारच्या सीटवरून.

हरणाबाई आठही दिवस पालाबाहेर बसली, मैदानाकडं पाठ करून, फडकं ओटीत धरून. धुळीमुळं असेल, असं उत्कर्षाला वाटलं.

एकसष्ट. साठ. एकोणसाठ. सातव्या दिवशी अठ्ठावन्न.

आठव्या दिवशी सकाळी साडेसातला नेहमीसारखी शिकवणी होती. शालूबाईनं चौकात, फलकाखाली, गाडी चारदा बंद पाडली. मागं वडाप जीप, तिच्यामागं एसटी, कट्ट्यावर चहा पिणारे चार जण खुशाल हसत होते. शालूबाईही हसली. उत्कर्षानं न राहवून विचारलं, तुमाला लाज न्हाई वाटत? विचारल्यावर तिला वाटलं, हे मास्तरणीनं विचारायचं नव्हतं.

शालूबाईनं गिअर काढला, चावी फिरवली. "म्याडम, हसणारी रोज बदलत्यात. गाडीत मात्र रोज मीच असती."

गाडी सुरू झाली आणि चौक ओलांडून गेली.

*

संध्याकाळी सहाच्या आत नावं कळवायची होती. पाच वाजता तानाजीनं शेवटचा फेरा मोजला आणि मोबाईल दोघांना दाखवला. सत्तावन्न. साईराजचा एकोणसाठ.

"उजवीपेक्षा पाच सेकंद जादा," तानाजी म्हणाला. "सा फेऱ्यांचं अर्धं मिनिट हुतंय. लय हाय."

साईराज बॉनेटवर बसला होता. त्यानं हळूच म्हटलं, वर्षभर दोन्ही बाजूंनी फिरू, पुढच्या साली जाऊ. आणि इतके दिवस जायचंच म्हणून नाचणारा तानाजीसुद्धा पहिल्यांदाच गप्प राहिला. निवड उत्कर्षावर आली. या वेळी आडवा यायला ऊस नव्हता, आणि देवही नव्हता.

तिनं खिशातनं नकाशा काढला. आठ दिवसांत घामानं त्याच्या घड्या फाटल्या होत्या.

"नावं पाठव," ती म्हणाली. "दोगांचीबी."

"शेवटची येशील," तानाजी म्हणाला.

"येईन की." तिनं कागद बॉनेटवर पसरला आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं, जिथं पेरूचा आकार जरा आत दबला होता. "हितं बघ. दोन वळणं उजवी हायत. ती दोन माजी."

साईराज त्या दोन वळणांकडं बघत राहिला. मग तो हसायला लागला, मोबाईल काढला आणि दोन नावं टाकली.

तानाजी नवा टायर आणायला निघाला. पुढचा उजवा.

हरणाबाई उठली. तिनं घुमटीपाशी जाऊन पिवळं फडकं सोडलं, टाक आत ठेवला, वर पाणी घातलं, हळद लावली. उत्कर्षा तिच्याशेजारी उभी होती, हेल्मेट काखेत, केस धुळीनं माखलेले. उद्यापास्नं परत सरळ, असं हरणाबाईनं बजावलं, आणि कोइमतूरला दुपारचं ऊन असतं का ते विचारलं.

२००३ च्या दुष्काळात हरणाबाईच्या नवऱ्याला याच माळावर अग्नी दिला होता. चितेभोवती उलटे फेरे तीन झाले होते.