नकाशातून गाळलेली वाट

अक्का नकाशांच्या कचेरीत शिरली ती तोऱ्यातच. वडिलांनी तिच्या नावे केलेलं शेत नदीपलीकडे होतं, आणि तिथे जायची पाऊलवाट वहिनीच्या भाच्याने तारेचं कुंपण घालून अडवली होती. वर तोंड करून म्हणतो, इथे वाट कधी नव्हतीच! अक्काला हसूच आलं. साठ वर्षांपूर्वी या खोऱ्याचा नकाशा काढणारा मोजणीदार तिचा सख्खा दादा होता. बारा वर्षांची अक्का मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक धरून त्याच्यामागे उन्हातान्हात हिंडली होती.

दादा कामाला भारी कडक. एका एकट्या झाडाची जागा चाळीस हात चुकली, तर त्याने तिला दोन कोस माघारी नेलं. ती रडकुंडीला आली तेव्हा म्हणाला, "अगं, नकाशाने खोटं बोलायचं नसतं." दादा जाऊन पाच वर्षं झाली, तरी अक्का हे वाक्य आल्यागेल्याला ऐकवायची.

कारकुनाने नकाशा पसरला, कोपऱ्यांवर वजनं ठेवली, भिंग दिलं. खाली दादाची बारीक सही. निळी नदी, चढाच्या तपकिरी रेषा, तिचं शेत. ते झाडसुद्धा जागच्या जागी. तिने वाटेच्या तुटक रेषेवर बोट ठेवलं आणि सरकवत नेलं. वहिनीच्या माहेरच्या जमिनीशी येऊन रेषा थांबली. पुढे नदीपर्यंत कोरा कागद. त्या वाटेने दोघं महिनाभर रोज गेली होती.

अक्काने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मोजणी उन्हाळ्यातली. नकाशा शाईत उतरला हिवाळ्यात, आणि दादाचं लग्न ठरलं तेही त्याच हिवाळ्यात. होणाऱ्या सासऱ्याला आपल्या जमिनीतून कुणाची ये-जा नको होती, हे तर जगजाहीर होतं.

"दादा, माझी वाट सासऱ्याला आहेर केलीस होय रे?" ती पुटपुटली.

कारकून भला होता. "आजी, जुन्या नकाशात चुका राहतात. मोजणीदाराच्या नजरचुकीने वाट राहिली, असा अर्ज लिहून देतो. सही करा."

"नजरचूक नको लिहूस. त्याचं झाडसुद्धा चुकत नसे."

"मग काय लिहू?"

अक्काने भिंग खाली ठेवलं.

"लिही, मोजणीदार खोटं बोलला. साखळी धरायला मी होते. त्याची बहीण."