सरकारी वयाचे किलोमीटर

"हवा कमी आहे अजून," बाबा म्हणाले आणि पुन्हा पंपावर वाकले.

सहा वाजले होते. अंगणातला दिवा जानेवारीच्या धुक्यात पिवळट दिसत होता. माझी लेक समिधा चारलाच उठली होती. तिला खांद्यावर घेऊन मी दारात उभी होते. बाबा दहा-बारा वेळा पंप मारायचे, थांबायचे, चाक अंगठ्याने दाबून बघायचे. चाक केव्हाच कडक झालं होतं. ते दम घेत होते.

"चाकात हवा भरून राहिले की स्वतःत?" आतून आई म्हणाल्या. गुडघ्यांमुळे त्या पहाटे बाहेर येत नाहीत, पण त्यांना सगळं दिसतं.

"तुला नको का? पण तू तर भरलेलीच असते," बाबा म्हणाले.

"चला, म्हणजे बोलण्यापुरती तरी आहे."

त्या दिवशी, शनिवारी, बाबांचा वाढदिवस होता. माझ्या सासऱ्यांना सगळं महाराजपूर भय्यासाहेब म्हणून ओळखतं. जीसीएफमध्ये, म्हणजे तोफगाड्यांच्या कारखान्यात, ते फिटर होते. छत्तीस वर्षं सायकलने गेले आणि सायकलने आले. वाढदिवसाला वय असेल तितके किलोमीटर सायकल चालवायची, हा त्यांचा चाळिशीपासूनचा नेम. सत्तरी जवळ आल्यापासून रस्ता ठरलेला. शहरातून आधारताल, कमानिया गेट, गोरखपूर, मग नर्मदेवरचा ग्वारीघाट, तिथून तिलवारा, भेडाघाट आणि परत घर. जे कमी पडतील ते कॉलनीच्या मैदानाला फेऱ्या मारून पुरे करायचे. रस्ता तेवढाच राहतो, दरवर्षी फेऱ्या वाढतात.

यात एक गोम आहे. शाळेत नाव घालताना त्यांच्या वडिलांनी वय दोन वर्षांनी कमी लिहिलं, पुढे नोकरी दोन वर्षं जास्त मिळेल म्हणून. मिळालीही. त्यामुळे कारखान्याच्या आणि आधार कार्डाच्या लेखी ते त्या दिवशी सत्तरचे झाले, आणि खरे बहात्तरचे. सायकल मात्र ते खऱ्या वयाची चालवत. "सरकारला खोटं सांगितलं, पायांना कसं सांगणार?" म्हणायचे.

मला त्यांच्या बहात्तरपेक्षा सोमवारची काळजी होती. चार वर्षांनी मला नोकरी मिळाली होती, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. सोमवारपासून सव्वाआठला घर सोडायचं, आणि समिधाच्या बालवाडीचं फाटक उघडतं पावणेनऊला. व्हॅन आमच्या गल्लीत येत नाही. अनुपम, माझा नवरा, रेल्वेत, इटारसीला असतो. "मी नेतो ना छोटीला," बाबांनी महिन्यापूर्वीच सांगून टाकलं होतं. "दीड किलोमीटर तर आहे." सायकलच्या दांड्यावर त्यांनी स्वतः घडवलेली छोटी सीट बसवली होती. पाय ठेवायला पट्ट्या, कडा घासून गोल केलेल्या. समिधा दिवसातून चार वेळा त्या सीटवर बसून घंटी वाजवायची.

दीड किलोमीटर. आणि मध्ये मेन रोड, ज्यावरून ट्रक जातात.

आठ दिवसांपूर्वी आधारतालच्या चौकात मी भाजी घेत होते. बाबा सायकलवर समोरून आले आणि न बघताच वळले. ऑटोवाल्याने करकचून ब्रेक मारला. "दादा, घर में बोल के आए हो क्या?" तो ओरडला. बाबांनी हसून त्याला नमस्कार केला आणि गेले. मला त्यांनी पाहिलं नाही. रात्री मी अनुपमला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "तूच सांग बाबांना. तुझं ऐकतात ते." आईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "मी नको म्हटलं की मुद्दाम नेतील." म्हणजे सगळं फिरून ते माझ्याच अंगावर आलं. मग मी ठरवलं: वाढदिवसाला त्यांच्या मागे जायचं, आपल्या डोळ्यांनी बघायचं, आणि काय ते संध्याकाळी सांगायचं.

बाबा फाटकाबाहेर पडले तेव्हा मी समिधाला आईंच्या शेजारी निजवलं. आईंनी डोळे न उघडताच विचारलं, "चालली?"

"येते मी. गोळी विसरलेत ते, म्हणून..."

"गोळी मी त्यांच्या खिशात घातली आहे. जा. पण दिसू नको त्यांना."

कमानिया गेटपर्यंत सगळं ठीक होतं. दुकानं बंद, रस्ता मोकळा. बाबा कडेकडेने, एका लयीत जात होते आणि मी स्कूटीवरून शंभर हात मागे. त्यांची पाठ बघून मला उगीचच अपराधी वाटत होतं. गेटपाशी उभ्याउभ्या त्यांनी खोव्याची गरम जलेबी खाल्ली, मधुमेहाची गोळी बंद झाल्यासारखी. मी तेही बघितलं आणि घरी न सांगायच्या गोष्टींत टाकलं.

गोरखपूरला बाबांचे कारखान्यातले दोस्त बंडूकाका ओट्यावर वाट बघत बसले होते. पूर्वी दोघं मिळून निघायचे. काकांच्या कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून ते सायकलवर बसत नाहीत, आणि त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून दोघांचं बोलणं सगळ्या गल्लीला कळतं. मी पलीकडे मटारच्या गाडीशी तोंड फिरवून उभी राहिले.

"आला का बे? मला वाटलं, या वर्षी पेपरात फोटोच येईल!"

"तुझा आधी येईल! मी पाहून मग जाईन!"

"किती झाले?"

"बहात्तर!"

"अबे, कारखान्यात तर तू माझ्यापेक्षा लहान होता!"

"तिथं अजूनही आहे!"

दोघं हसले. मग काकांचा आवाज खाली आला, तरी मला ऐकू येत होता. "मत जा यार भेडाघाट. इथंच बस. चाय पी. कोण पाहून राहिलं तुला?"

 बाबांनी कपातला चहा संपवला, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघाले. मटारवाली मला विचारत होती, "कितना दूँ दीदी?" मी घाईने अर्धा किलो घेतला. मला नको होता.

ग्वारीघाटाला बाबांनी नर्मदेचं पाणी डोळ्यांना लावलं आणि लगेच परत फिरले. तिथून वर येताना एक चढ आहे. मोठा नाही, माझी स्कूटी न कुरकुरता चढते. बाबा त्या चढावर कधी उतरले नाहीत, हे आमच्या घरात असं सांगितलं जातं, जसं दुसऱ्या घरी कुणी मॅट्रिकला पहिलं आल्याचं सांगतात.

अर्ध्या चढावर सायकल नागमोडी जायला लागली. एकदा डावीकडे गेली, मग थेट रस्त्याच्या मध्यापर्यंत आली. मागून डंपर येत होता.  मला दिसत होती ती फक्त दांड्यावरची छोटी सीट. रिकामी आहे, रिकामी आहे, असं मी मनाला सांगत होते. डंपर हॉर्न देत बाजूने निघून गेला.

बाबा उतरले.

मी स्कूटी बंद केली आणि बाभळीच्या आड थांबले. ते हँडलवर दोन्ही हात टेकून उभे होते. पाठ वरखाली होत होती. तेवढ्यात खालून पाच-सहा सायकलवाले येताना दिसले. हेल्मेट, काळे चष्मे, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे. दोन बायकाही होत्या त्यांत. बाबांनी मान वळवून त्यांना पाहिलं. मग ते खाली वाकले, पायडल हाताने उलटं फिरवलं आणि अंगठ्याने चेन दात्यांवरून उचलून खाली टाकली. मी स्पष्ट पाहिलं. चेन उतरली नव्हती. त्यांनी उतरवली.

"क्या हुआ अंकल?" पुढचा थांबला.

"कुछ नहीं बेटा, चेन उतर गई. आप लोग चलो."

"मैं लगा दूँ?"

"छत्तीस साल फिटर रहा हूँ जी. चेन क्या चीज़ है."

ते हसत वर गेले. बाबांनी चेन लगेच चढवली नाही. मैलाच्या दगडावर बसले, काळे झालेले हात उताणे गुडघ्यांवर ठेवून, पँटला डाग लागू नये म्हणून. बराच वेळ तसेच बसले होते. मग उठले, एका झटक्यात चेन चढवली आणि सायकल हातात धरून उरलेला चढ चालत गेले.

तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत मी मागे होते. तिथे आईंचा फोन आला, समिधा उठली आहे, रडते आहे, दूध घेत नाही. एकीकडे ती, एकीकडे हे. मी पुलाच्या अलीकडे उभी राहून ठिपका होईपर्यंत बाबांना पाहिलं आणि परतले. मग दुपारपर्यंत सतरा वेळा फाटकाशी गेले असेन. तीन फोन केले. त्यांनी उचलले नाहीत. सायकलवर असताना ते उचलत नाहीत, हे माहीत असूनही केले.

अडीच वाजता ते कॉलनीत आले. शेजारच्या अवंतिकाताई आणि चार-दोन जण मैदानाशी उभे होते. दरवर्षी असतात. आई औक्षणाचं ताट मांडीवर घेऊन फाटकाशी खुर्चीत बसल्या होत्या. बाबांनी एक फेरी मारली, दुसरी मारली. तिसरी फार सावकाश झाली. मग ते फाटकाशी येऊन उतरले आणि सायकल स्टँडला लावली.

आईंनी वाकून पुढच्या चाकाचा मीटर पाहिला. "सत्तरच झाले हे."

"सत्तरच आहे वय. आधार कार्ड पाहा."

"सरकारी वय कधीपासून धरलं तुम्ही?"

"आजपासून," बाबा म्हणाले.

कुणीतरी टाळ्या वाजवल्या.  आईंनी ओवाळलं तेव्हा ताट जरा तिरपं झालं आणि सुपारी खाली पडली. ती उचलायला कुणीच वाकलं नाही.

मागच्या नळाशी बाबा हातांचं काळं काढत होते, कपड्यांच्या पावडरीने. मी तांब्याने पाणी घालत होते. सकाळपासून मी एक वाक्य जुळवत होते: बाबा, राग मानू नका, पण... ते 'पण'च्या पुढे जात नव्हतं.

"तुझ्या मागच्या मडगार्डचा बोल्ट ढिला आहे," ते हातांकडे बघत म्हणाले. "आधारतालपासून वाजून राहिला."

माझे कान तापले. "चढावर पण ऐकू येत होता?"

"चढावर बंद झाला ना. बंद झाला म्हणून तर समजलं, उभी राहून पाहून राहिली ते."

तांब्या रिकामा झाला. मी तो भरून घेतला.

"सांगून टाक आता," ते म्हणाले. "काहून थांबली?"

"समिधाला सायकलवर नको, बाबा."

"हं."

एवढंच. त्यांनी नखांतलं काळं काडीने काढलं, हात पुसले, पाना घेतला आणि जाऊन माझ्या स्कूटीचा बोल्ट कसला. गाजराचा हलवा त्यांच्यासाठी केला होता, तो तसाच राहिला. सहालाच पांघरूण घेऊन निजले. समिधा दोनदा जाऊन त्यांच्या पायाशी उभी राहिली. रविवारी दिवसभर ते घरात होते, आणि घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. आईंनीसुद्धा टोमणा मारला नाही, हे मला सगळ्यात जड गेलं. मी अनुपमला फोन करून म्हटलं, सोमवारी जमत नाही असं कळवते कॉलेजला. तो म्हणाला, "बघ तुला जसं वाटेल तसं." मी संदेश लिहिला, पुसला, परत लिहिला. पाठवला नाही.

सोमवारी आठला मी साडी नेसून बाहेर आले तर बाबा अंगणात उभे होते. अंगात कारखान्याचा जुना कोट, दाढी केलेली. समिधा सीटवर, पायांत मोजे-बूट, तोंडावर विजय.

"चालत नेतो," बाबा म्हणाले. "ती बसेल, मी धरून चालेन. टाईम लागेल थोडा, म्हणून लवकर निघतो." मग जरा थांबून म्हणाले, "एवढं चालेल?"

लग्नानंतरच्या सहा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझी परवानगी विचारली होती. मी मान हलवली. बोलले असते तर रडले असते, आणि समिधाने ते पाहिलं असतं.

सव्वाआठला मी निघाले. मेन रोडच्या अलीकडे ते मला दिसले आणि माझा हात आपोआप ब्रेकवर गेला. बाबा रस्त्याच्या कडेला उभे होते, एक हात हँडलवर, एक समिधाच्या पाठीवर. रस्ता मोकळा झाला. ते हलले नाहीत. दोन मोटारसायकली गेल्या, परत मोकळा झाला. शाळेच्या मुली पलीकडे गेल्या, दूधवाला गेला, मागे एक कारवाला हॉर्न वाजवत राहिला. बाबांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, परत उजवीकडे पाहिलं. इतकी जागा असताना मी स्वतः कधीच निघाले असते. घड्याळात आठ बावीस झाले होते. पहिल्याच दिवशी मला उशीर होणार होता.

"आजोबा, चलो ना!" समिधा घंटी वाजवत म्हणाली.

"थांब बेटा," बाबा म्हणाले. "तो एक ट्रक जाऊ दे."

ट्रक अजून खूप लांब होता.