शोभाबाईंचं तयार पुस्तक

शोभाबाई पांढुर्ण्याच्या शाळेतून निवृत्त झाल्या, त्या दिवशी निरोपाच्या भाषणात त्यांच्या तोंडून एक वाक्य निघून गेलं. "आता मी आमच्या बुद्धविहारावर पुस्तक लिहिणार आहे." टाळ्या पडल्या. त्या टाळ्या शोभाबाईंना इतक्या आवडल्या की पुढची चार वर्षं त्यांनी त्यांच्यावरच काढली.

तयारी मात्र त्यांनी जोरात केली, नाही कोण म्हणेल? सौंसरला जाऊन जाड पुठ्ठ्याच्या तीन वह्या आणल्या. निळ्या शाईचे पेन आणले, मग काळी शाई बरी दिसते म्हणून काळ्या शाईचे आणले. माहिती गोळा करायला बोरगावला बहिणीकडे दोनदा गेल्या आणि दोन्ही वेळा लोणच्याची बरणी घेऊन परत आल्या. लिहायला बसायचं तर आधी कपाट आवरायला हवं. कपाट आवरेपर्यंत पोळा यायचा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीची जत्रा, म्हणजे घरभर पाहुणे. पाहुणे गेले की दिवाळीची साफसफाई काढायची. आणि दमून गेल्यावर कोणाला लिहिणं सुचतं?

चार वर्षांत लिहून झालं होतं एकच वाक्य. 'छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा हे जाम नदीच्या काठी वसलेले एक टुमदार शहर आहे.' त्यावर बाई इतक्या खूश होत्या की पुढचं वाक्यही त्याच तोलाचं सुचेपर्यंत थांबायचं त्यांनी ठरवलं. थांबता थांबता पांढुर्णाच जिल्हा झाला. होतं तेही वाक्य खोडावं लागलं.

खरं तर पुस्तकाचा विषय असा होता की कोणालाही लिहावंसं वाटावं. त्यांच्या मोहल्ल्यातला विहार अकरा बायांच्या विटांवर उभा होता. पन्नासेक वर्षांपूर्वीची गोष्ट. सहा दिवस लोकांच्या शेतात कापूस वेचायचा, रविवारी नदीकाठच्या वीटभट्टीवर राबायचं आणि त्या दिवसाची मजुरी विटांमध्ये मागून घ्यायची. संध्याकाळी डोक्यावर पेलतील तेवढ्या विटा घेऊन अकरा जणी ओळीनं मोहल्ल्यात शिरायच्या. असं तीन वर्षं चाललं. विहाराच्या दारावर दगड बसला तेव्हा त्यावर कमिटीच्या पाच पुरुषांची नावं कोरली गेली. विटा आणणाऱ्या एकीचंही नाव त्यात नव्हतं, आणि त्याचं तेव्हा कोणाला काही वाटलंही नाही.

त्या अकरा जणींपैकी आता एकटी शकुबाई उरली होती. वय ऐंशीच्या पुढे, नजर शाबूत, कान तिखट, अक्षरओळख नाही. शोभाबाईंच्या सासूची ती मैत्रीण, म्हणून त्यांची मावशी. महिन्या-दोन महिन्यांनी काठी टेकत यायची, खुर्चीत बसायची आणि विचारायची, "काय वो शोभा, कुठवर आलं पुस्तक?"

"झालंच समजा मावशी. फेअर कराचं तेवढं राहिलं."

शाळेत मुलांनी नेमकं हेच उत्तर दिलं की शोभाबाई त्यांना बाकावर उभं करायच्या. शकुबाई मात्र मान हलवायची, चहा प्यायची आणि जायची. ती गेल्यावर शोभाबाईंचं मन दिवसभर खात राहायचं, आणि मन खात असताना लिहिता येत नाही, हे आणखी एक कारण त्यांना मिळायचं.

यंदा वर्षावासात मात्र गंमत झाली. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन होतं. वाचायला असते शीतल, शकुबाईची नातसून. आवाज खणखणीत आणि वेग पॅसेंजर नव्हे, एक्स्प्रेसचा. पौर्णिमेला बारा दिवस उरले असताना ग्रंथ संपला. आता उरलेले दिवस काय वाचायचं, यावर चर्चा सुरू झाली. तेवढ्यात शकुबाई काठीवर जोर देऊन उठली.

"दुसरं कायले धुंडता? शोभाचं पुस्तक तयार आहे. फेअरच कराचं राहिलं म्हनते. उद्यापासून तेच वाचा."

लोकांनी हात जोडून "साधू, साधू, साधू" म्हटलं. शोभाबाई मागच्या मागे बाहेर पडल्या.

घरी येऊन त्या पलंगावर बसल्या. "मी नागपूरले ताईकडं जातो. सांगा, तब्येत बिघडली म्हणून."

भाऊराव, त्यांचे यजमान, बावीस वर्षं पोस्टात होते. दुसऱ्यांची पत्रं वेळेवर पोहोचवण्यात त्यांचा जन्म गेला होता. ते म्हणाले, "तब्येत बिघडली म्हनशीन, तं सारा मोहल्ला पाहाले येईन. मंग त्याइले चहा कोन पाजन? त्यापेक्षा लिही."

"एका दिवसात पुस्तक लिहू?"

"उद्या संध्याकाळी ते काय सारं पुस्तक वाचून राहिले? एक धडा तं वाचतीन."

सकाळी शोभाबाई वही उघडून बसल्या. 'पांढुर्णा जिल्ह्यातील...' एवढं लिहिलं आणि हात थांबला. दहा वाजले. कपाट पुन्हा विस्कटलेलं दिसू लागलं. त्या उठल्याही, पण भाऊराव कपाटाच्या दाराला खुर्ची लावून पेपर वाचत बसले होते. शोभाबाई परत फिरल्या. जन्मभर हिंदी शाळेत शिकवलेलं. पुस्तकी मराठी लिहायला गेलं की आपण परीक्षेला बसलोय असं त्यांना वाटायचं, आणि ही भीती त्यांनी आजवर कोणालाही, स्वतःलासुद्धा सांगितली नव्हती. मग त्यांना वाटलं, वाचणार शीतल, ऐकणार आपलीच माणसं. सासूबाई चुलीपुढं बसून विटांच्या गोष्टी सांगायच्या तसं लिहिलं तर कोण आपले मार्क कापणार आहे?

त्यांनी लिहिलं, 'रविवार होता. ठमाबाईनं डोक्यावरच्या विटा उतरवल्या आणि म्हणाली, माझ्या सहा. एक फुटली, ते मोजू नका.'

चार वाजता पाहिलं तर दोन पानं भरली होती. जेवण राहून गेलं होतं.

त्या संध्याकाळी शीतलनं दोन पानं चार मिनिटांत वाचली. वही परत घ्यायला शोभाबाई उठल्या. त्यांना वाटलं, संपलं सगळं. मग मागच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, "फुटकी वीट बी बुढीनं फेकली नवती. पायरीखाली लावली." तो ठमाबाईचा मुलगा होता. दुसऱ्या दिवशीची दोन पानं त्या पायरीबद्दलच झाली.

पुढे असंच चाललं. संध्याकाळी लोक काहीतरी आठवून सांगायचे आणि सकाळी शोभाबाईंना लिहायला हुरूप यायचा. आठव्या दिवशी मात्र घोडं अडलं. कसंबसं अर्धं पान झालं. शोभाबाई शरमेनं खाली बघत बसल्या. शीतलचं वाचन सुरू होतं न होतं तोच संपलं.

"आज इतकंच," शकुबाई म्हणाली. "आमाले बी एखांद्या रविवारी दोनच विटा भेटे. त्या काय आमी फेकून देल्या?"

पौर्णिमेच्या संध्याकाळी शेवटचं पान वाचलं गेलं. त्यावर फक्त अकरा नावं होती. शीतलनं या वेळी घाई केली नाही. ठमाबाईचं नाव आलं तसा तो म्हातारा उभा राहिला. कोणी त्याला सांगितलं नव्हतं. कौतिकाबाईच्या नावाला तिच्या दोन नाती उठल्या, गिरजाबाईच्या नावाला एक अख्खं घर. शकुबाईचं नाव शेवटचं होतं. ती बसूनच राहिली आणि पदरानं डोळे पुसत राहिली. तिच्यासाठी सगळा विहार उभा होता.

शकुबाईला घरी पोहोचवायला शोभाबाई वही घेऊन निघाल्या. चार वर्षं छातीवर असलेलं ओझं त्यांनी तिच्या ओट्यावर उतरवलं.

"मावशी, मी चार वर्षं तुमच्याशी खोटं बोलली. पुस्तक तयार नवतं. वही कोरी होती."

"मले माहीत होतं."

शोभाबाई ओट्यावर टेकल्या.

"मागच्या साली तू चहा कराले आत गेली, तं मी वही उघडून पाहिली. एक ओळ होती, ते बी खोडलेली. मले वाचता नाई येत, पन कोरं ते कोरंच दिसते ना वो."

"मंग मले तेव्हाच काऊन नाई बोलल्या?"

"बोलली असती, तं तू रडली असती. लिहिलं थोडीच असतं?" शकुबाईनं काठी भिंतीला टेकवली. "अन् मले बी किती दिवस थांबता येते? माह्या मागं त्या दहा जनी कोनाले माहीत राहिल्या असत्या?"

शोभाबाईंनी वाकून तिच्या पायांना हात लावला. चार वर्षांपूर्वीच्या टाळ्या त्यांना कोणीही दिल्या असत्या. हे बारा दिवस दुसऱ्या कोणी दिले नसते. "मावशी, तुमचे उपकार..." त्या म्हणू लागल्या.

"उपकार राहू दे. वही आन इकडं."

शोभाबाईंनी शेवटचं पान उघडून वही तिच्या मांडीवर ठेवली. शकुबाईचं नाव तळाशी होतं. ते दाखवायला त्यांनी तिचं बोट हातात धरलं.

"माहं नाई," शकुबाई म्हणाली. "ठमाचं कुठं आहे, ते दाखव."

शोभाबाईंनी ते बोट वर नेलं आणि पहिल्या नावावर ठेवलं. शकुबाईनं ते तिथून बराच वेळ उचललं नाही. मग तिनं विचारलं, "अन् कौतिकाचं?"