फटीतलं सूत

सिद्धेश्वरी बिराजदार त्या वेळी सोलापुरात आली ती एका लाकडी खोक्यावर सही करायला. नवी पेठेतल्या माहेरी ती फक्त जेवायला आणि झोपायला जायची. बाकी सगळा दिवस अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, अजिंक्यच्या वर्कशॉपमध्ये.

युरोपातल्या एका प्रयोगशाळेत ती उपकरणं डिझाइन करायची. तिथं सेकंदाला दहा वेळा न्यूट्रॉनचा झोत सुटतो. एकाच झोतातले वेगवान न्यूट्रॉन आधी पोचतात, मंद मागून. कोण किती वेळात पोचला यावरून धातूच्या आतले अणू एकमेकांपासून किती अंतरावर आहेत ते कळतं. ते अंतर वाढलेलं असेल, तर वरून कितीही गुळगुळीत दिसणारा धातू आतून ताणाखाली आहे असं समजायचं. तिच्या उपकरणात मागचा कॅमेरा वस्तूच्या आतला फोटो काढणार होता, आणि फोटोत जिथं शंका येईल त्या ठिपक्याचा ताण बाजूचे डिटेक्टर मोजणार होते. डिटेक्टरला तेवढाच ठिपका दिसावा म्हणून त्याच्यापुढं पात्यांचा एक पंखा हवा होता. एकशे साठ पाती, सगळ्यांचा रोख एका बिंदूकडं. पात्यांवर बोरॉनचा लेप. आडवेतिडवे येणारे न्यूट्रॉन तो गिळून टाकतो.

तो पंखा अजिंक्यच्या वर्कशॉपनं बनवला होता; तिनं तपासून सही केली की लाकडी खोक्यातून तिकडं जाणार होता. जुळवला होता ईरप्पांनी. साठी ओलांडलेले फिटर, आयुष्य यंत्रमागांचे सुटे भाग घडवण्यात गेलेलं.

दोन दिवस तिनं एकेक पातं मोजलं. सगळी मापं बरोबर. इतकं नेटकं काम तिनं तिकडंही पाहिलं नव्हतं. चहाच्या वेळी ती म्हणाली, "मामा, एक पातं जागचं हलत नाही. कसं केलंत?"

ईरप्पा खूश झाले. "हलंल कसं अक्का? पातं बसतंय त्या फटीत सूत घातलंय की. शेजारच्या कारखान्यातनं पॉलिस्टरचं आणलं. बाहीरनं दिसायचं न्हाय."

तिनं कप खाली ठेवला. "सगळ्या पात्यांना?"

"व्हय. वर-खाली दोनीकडं."

पॉलिस्टरमध्ये हायड्रोजन भरपूर असतो, आणि हायड्रोजनवर आपटलेला न्यूट्रॉन वाटेल तिकडं उडतो. नको ते न्यूट्रॉन अडवण्यासाठी केलेल्या पंख्यात तीनशे वीस ठिकाणी ते उधळणारी वस्तू बसवलेली होती. तिचा आवाज चढला. "कुणाला विचारून घातलंत? ड्रॉइंगमध्ये सूत कुठं आहे? अहो, सगळं वाया गेलं!"

वर्कशॉपमधली दोन मशिनं थांबली. ईरप्पा मान खाली घालूनच बोलले, "फट ढिली व्हती, अक्का. पातं डुलत व्हतं. तसं पाटवायला मन झालं न्हाय."

अजिंक्य केबिनमधून बाहेर आला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं तिला आत बसवलं. "मॅडम, मापं बरोबर आहेत, रिपोर्ट स्वच्छ आहे. उद्या ट्रक निघतोय. तिकडं हे सूत कुणाला दिसणार?"

खरंच कुणाला दिसलं नसतं. आलेखात थोडं धुकं राहिलं असतं. त्याचं कारण कुणी भिंतीत शोधलं असतं, कुणी हवेत. शेवटी उपकरणाचा स्वभावच असा म्हणून सगळे ते वजा करत राहिले असते.

तिनं लॅपटॉप उघडला. फट ढिली का होती, हे तरी बघावं म्हणून. सहा महिन्यांपूर्वी तिनं बोरॉनचा लेप पातळ केला होता. पातं बारीक झालं, फट मात्र जुन्या मापाचीच राहिली. चूक तिचीच होती. मग अजिंक्यनं एक जुनी ईमेल तिच्यापुढं धरली. ईरप्पांच्या सांगण्यावरून त्यानं फटीबद्दल विचारलं होतं. खाली तिचं उत्तर होतं: 'ड्रॉइंग अंतिम आहे. कृपया पुन्हा प्रश्न विचारू नयेत.'

ते तिनं कधी लिहिलं हे तिला आठवेना. तिनं प्रयोगशाळेतल्या गटप्रमुखांना सगळं लिहिलं, जुनी ईमेलसुद्धा जोडली, आणि अजिंक्यला ट्रक रद्द करायला सांगितलं.

बाहेर येऊन ती ईरप्पांच्या टेबलाशी उभी राहिली. "मामा, चूक माझी होती. तुम्ही विचारलं होतंत, मी ऐकलं नाही. आणि वर सगळ्यांसमोर बोलले."

ईरप्पांनी हातातला पाना खाली ठेवला. "लागलं मनाला, खोटं कशाला सांगू," ते म्हणाले. "पर आता सांगा, त्या न्यूट्रॉनला काय चालतं?"

"अ‍ॅल्युमिनियम चालतं. त्यातून तो बहुतेक सरळ निघून जातो."

"मग पातळ पत्र्याच्या पट्ट्या कापू की."

सूत उपसायला अकरा दिवस लागले. सुईनं एकेक धागा ओढायचा, लेपाला ओरखडा येऊ द्यायचा नाही. सिद्धेश्वरी शेजारी बसून ओढत होती. पहिल्याच दिवशी तिच्या हातून दोन पाती खराब झाली, तेव्हा ईरप्पांनी तिच्याकडून सुई काढून घेतली आणि तिला पट्ट्या मोजायला बसवलं.

खोकं उशिरा पोचलं. तोवर उपकरण एकाच बाजूच्या डिटेक्टरवर सुरू झालं होतं, आणि पुढच्या पंख्याचं डिझाइन तिच्याकडून काढून दुसऱ्याला दिलं गेलं. बैठकीत तिनं ते ऐकून घेतलं. वाईट वाटलं, पण ईमेल पाठवल्याचा पश्चात्ताप झाला नाही.

डिसेंबरात सोलापूरचा पंखा बसला. पहिला नमुना होता रेल्वेच्या रुळाच्या जोडाचा तुकडा. आलेख आला त्या दुपारी तिनं वर्कशॉपला व्हिडिओ कॉल लावला. अजिंक्यनं फोन ईरप्पांपुढं धरला. त्यांनी चष्मा चढवून पाहिलं.

"ही टोकं म्हंजे काय?"

"अणूंचं अंतर. इथं जोड ताणलेला आहे, मामा. असाच राहिला असता तर पुढं तडा गेला असता."

"आन् टोकांच्या मधी ह्ये सपाट? हितं तर काहीच न्हाय."

"तिथं काही नसायलाच हवं होतं. सूत राहिलं असतं तर तिथं धुकं दिसलं असतं."

ईरप्पांनी फोन जवळ घेतला आणि ती सपाट रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश बघितली.

"चांगली झालीया," ते म्हणाले.